विद्यापीठाचे ईमेल खाते घरच्या संगणकावर जोडण्याविषयी सल्ला हवा आहे

शोधवाट

नमस्कार. मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आणि जात्यावरच्या ओव्यांवर अर्धवेळ पीएच.डी. करते आहे. नोंदणी झाल्यावर विद्यापीठाने मला विद्यापीठाच्या नावाचे ईमेल खाते दिले. प्रगती अहवालाच्या तारखा, संशोधन केंद्राच्या सूचना आणि मार्गदर्शकांचे शेरे आता त्यावरच येतात. आजवर मी ते खाते मोबाइलवर, माझ्या स्वतःच्या जीमेलच्या शेजारी ठेवून वापरले. गेल्या महिन्यात मार्गदर्शकांनी दुसऱ्या प्रकरणावर बारकाईने शेरे लिहून पाठवलेली फाइल दोन खात्यांच्या गर्दीत नऊ दिवस न उघडता पडून राहिली. त्यांनी फोन करून विचारले, तेव्हा मला फार अपराधी वाटले. म्हणून हे खाते आता घरच्या संगणकावर नीट लावायचे ठरवले आहे.

संगणक जुना आहे आणि त्यावर विंडोज १० आहे. बारावीतला मुलगा आणि यजमानही तोच वापरतात. इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून घ्यावे लागते, रोजचा डेटा दीड जीबी आहे आणि संध्याकाळी वीज व रेंज दोन्ही बेभरवशाची असतात. विद्यापीठाच्या जुन्या परिपत्रकात दिल्याप्रमाणे मी थंडरबर्ड हा पत्रे वाचण्याचा प्रोग्रॅम उतरवून घेतला आणि आयमॅप (पत्रे सर्व्हरवरच ठेवून वाचण्याची पद्धत), जोडणीचा पोर्ट ९९३ व पासवर्ड हे सगळे हाताने भरले. परंतु पासवर्ड चुकीचा असल्याचा संदेश येतो. तोच पासवर्ड ब्राउझरमध्ये चालतो. कुठे चुकते आहे? असा प्रोग्रॅम वापरावा, की ब्राउझरमध्येच पत्रे वाचावीत? आणि पदवी मिळाल्यावर खाते बंद झाले, तर या पत्रव्यवहाराचे काय करायचे, हेही जाणकारांनी सांगावे.

संगणककक्ष

ताई, मी एका महाविद्यालयाच्या संगणक कक्षात बावीस वर्षे काम केले आहे आणि हा प्रश्न माझ्यासमोर असंख्य वेळा आला आहे. सर्वांत आधी एक गोष्ट पाहा: ब्राउझरमध्ये पत्रे उघडल्यावर वरच्या पट्टीत 'मेल डॉट गूगल डॉट कॉम' दिसते, की 'आउटलुक' असलेला पत्ता दिसतो? पत्त्यात विद्यापीठाचे नाव असले, तरी पुष्कळ विद्यापीठांची पत्रे प्रत्यक्षात गूगल किंवा मायक्रोसॉफ्ट यांच्याकडे साठवलेली असतात. ती कोणाकडे आहेत, हे कळल्याशिवाय पुढचा सल्ला देणे योग्य होणार नाही.

शोधवाट

गूगलचे पान उघडते. त्याआधी विद्यापीठाच्या बोधचिन्हाचे एक पान येते, तिथे पासवर्ड द्यावा लागतो आणि मग मोबाइलवरचा सहा आकडी कोड विचारला जातो.

संगणककक्ष

मग आपला पासवर्ड बरोबर आहे; परिपत्रक मात्र कालबाह्य झाले आहे. पूर्वी थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅमला आपण पासवर्ड देत असू आणि तो प्रत्येक वेळी सर्व्हरकडे तोच पासवर्ड पाठवत असे. पासवर्ड चोरीला गेला, की सारे खाते हातचे जाई आणि मोबाइलवरच्या कोडचा काहीच उपयोग होत नसे, कारण कोड विचारण्याची सोयच त्या पद्धतीत नव्हती. मायक्रोसॉफ्टने संस्थांच्या खात्यांसाठी ही पद्धत १ ऑक्टोबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने बंद केली आणि गूगलने शैक्षणिक खात्यांसह संस्थांच्या सर्व खात्यांसाठी ती १ मे २०२५ पासून बंद केली. तिच्या जागी आलेल्या पद्धतीला ओऑथ म्हणतात. तिच्यात पासवर्ड आपण फक्त विद्यापीठाच्या पानावर देतो आणि थंडरबर्डला मिळते ती केवळ पत्रे वाचण्या-पाठवण्याची परवानगी, जी आपण गूगलच्या सुरक्षा पानावरून केव्हाही काढून घेऊ शकता.

तेव्हा हाताने भरलेले खाते प्रथम थंडरबर्डमधून काढून टाका. नंतर नवीन खाते जोडताना फक्त आपले नाव आणि विद्यापीठाचा पूर्ण ईमेल पत्ता लिहा आणि पोर्ट किंवा सर्व्हर यांना हात लावू नका. आपल्या विद्यापीठाची पत्रे कोणाकडे जातात, याची नोंद इंटरनेटवर उघड असते. थंडरबर्ड ती पाहून योग्य सर्व्हर स्वतः शोधते. आयमॅप आणि पॉप असे दोन पर्याय आले, तर आयमॅप घ्या. पॉपमध्ये पत्रे सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घेतली जातात आणि मोबाइलवर काय वाचले, कशाला उत्तर दिले, याचा मेळ राहत नाही. आयमॅपमध्ये मूळ पत्र सर्व्हरवरच राहते आणि मोबाइल व संगणक दोन्हीकडे तेच चित्र दिसते. यानंतर गूगलची छोटी खिडकी उघडेल आणि तिच्यातून विद्यापीठाचे ओळखीचे पान येईल. तिथे पासवर्ड आणि कोड दिला, की काम झाले. ती खिडकी कोरी राहिली, तर थंडरबर्डच्या गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये कुकीज स्वीकारण्याची खूण आहे का, ते पाहा.

'आपल्या संस्थेच्या प्रशासकाने परवानगी दिलेली नाही' अशा अर्थाचा संदेश आला, तर मात्र आपल्या हातात काही नाही. विद्यापीठाच्या संगणक विभागाला तो संदेश जसाच्या तसा कळवून थंडरबर्डला परवानगी देण्याची विनंती करा.

आता आपल्या दीड जीबीविषयी, कारण इथे बहुतेकांचा पहिल्याच दिवशी घोटाळा होतो. थंडरबर्ड मूळ सेटिंगनुसार सर्व पत्रे जोडपत्रांसह उतरवून घ्यायला सुरुवात करते. त्यात गूगलची गंमत अशी, की तिथे पत्र एकच असते आणि त्याला लेबले लावलेली असतात. थंडरबर्डला मात्र प्रत्येक लेबल स्वतंत्र फोल्डर वाटते, त्यामुळे तेच पत्र इनबॉक्समध्ये उतरते आणि 'ऑल मेल'मध्ये पुन्हा एकदा उतरते. म्हणून खाते जोडल्याबरोबर अकाउंट सेटिंग्जमधल्या सिंक्रोनायझेशनच्या पानावर जा, 'ऑल मेल' उतरवून घेण्याची खूण काढा आणि फक्त अलीकडच्या ३० दिवसांची पत्रे संगणकावर ठेवण्याचा पर्याय निवडा. जुनी पत्रे यादीत दिसत राहतील आणि उघडाल तेव्हाच उतरतील.

ब्राउझर की प्रोग्रॅम, या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे. वीज आणि रेंज यांचा भरवसा नसलेल्या ठिकाणी थंडरबर्डच घ्यावे. उतरलेले पत्र रेंज गेली तरी वाचता येते आणि उत्तर लिहून ठेवले, की रेंज आल्यावर पाठवता येते.

राइनकाठ

मी जर्मनीत पदव्युत्तर शिक्षण घेतो. वरच्या सल्ल्याशी मी बहुतांशी सहमत आहे. मात्र ज्यांचा संगणक घरातल्या सर्वांचा आहे, त्यांनी खाते जोडण्याआधीच एक काळजी घ्यावी असे मला कळकळीने वाटते.

माझ्या विद्यापीठाचे खाते मायक्रोसॉफ्टकडे आहे. पहिल्या सत्रात मी ते लॅपटॉपवर लावत असताना 'माझ्या संस्थेला हे उपकरण व्यवस्थापित करू द्या' अशा अर्थाची एक खूण आधीच केलेली होती. मी घाईत तशीच मान्य केली. त्यामुळे माझ्या पैशाने घेतलेल्या लॅपटॉपची विद्यापीठाकडे नोंद झाली आणि स्क्रीन किती वेळात बंद व्हावी, पिन किती आकडी असावा, हे ठरवणारे तिथले नियम त्याला लागू झाले. विद्यापीठाचा यात दोष नाही, कारण त्यांच्या स्वतःच्या संगणकांसाठी हे नियम योग्यच आहेत. मला ही जोडणी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स'खाली असलेल्या 'ॲक्सेस वर्क ऑर स्कूल' या पानावर जाऊन तोडावी लागली. ज्यांचे खाते मायक्रोसॉफ्टकडे आहे, त्यांनी ती खूण काढावी आणि फक्त त्याच ॲपपुरते साइन इन करण्याचा पर्याय निवडावा. क्रोममध्येही विद्यापीठाच्या गूगल खात्याने साइन इन करताना, हे प्रोफाइल संस्थेकडून व्यवस्थापित केले जाईल, अशी सूचना येऊ शकते. तेव्हा विद्यापीठासाठी वेगळे प्रोफाइल उघडावे, म्हणजे घरचे बुकमार्क, पासवर्ड आणि बँकेची पाने त्यात मिसळत नाहीत.

आणखी एक. विंडोजसोबत येणाऱ्या नव्या आउटलुकमध्ये गूगलचे किंवा विद्यापीठाच्या स्वतःच्या सर्व्हरवरचे खाते जोडले, तर त्यातली पत्रे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर समक्रमित होतात. पत्रव्यवहारात ओव्या सांगणाऱ्या बायांची नावे, गावे आणि त्यांच्या परवानग्या असतील, तर ती माहिती आणखी एका कंपनीकडे का जावी? थंडरबर्ड थेट सर्व्हरशी बोलते, म्हणून मीही तेच सुचवेन.

ताई, आपल्या घरच्या संगणकावर आपल्यासाठी विंडोजचे वेगळे वापरकर्ता खाते तयार करा आणि थंडरबर्ड तिथेच लावा. एकाच वापरकर्त्याखाली सगळे राहिले, तर थंडरबर्ड उघडताच पत्रे समोर येतात, कुणीही पासवर्ड विचारत नाही. मुलाच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. नजरचुकीने एक कळ दाबली गेली, तरी आयमॅपमुळे ते पत्र सर्व्हरवरच्या इनबॉक्समधूनही जाते.

शोधवाट

आपणा दोघांचे मनापासून आभार. वेगळे वापरकर्ता खाते तयार केले. परंतु आज दुपारी वीज जाऊन आल्यानंतर गूगलची खिडकी उघडतच नाही. 'सुरक्षित जोडणी होऊ शकली नाही' असे लिहून येते. ब्राउझरमध्येही बरीच पाने तसेच सांगतात. काल ती उघडत होती.

संगणककक्ष

उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहा. ती काही वर्षे मागे गेली असणार. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला कालमर्यादा असते. संगणकाला आज २०१६ साल आहे असे वाटले, तर ते प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून सुरूच झालेले नसते आणि तो जोडणी नाकारतो. जुन्या संगणकात मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला, की वीज जाताच घड्याळ मागे जाते. आत्ता तारीख व वेळ हाताने दुरुस्त करा आणि सवडीने सीआर २०३२ हा सेल बदलून घ्या. घड्याळाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो सहज मिळतो.

कोडचे मात्र वेगळे आहे. सहा आकडी कोड मोबाइलच्या घड्याळावरून तयार होतो आणि साधारणपणे दर ३० सेकंदांनी बदलतो. पुढे कधी कोड नाकारला गेला, तर मोबाइलची वेळ स्वयंचलित ठेवली आहे का, ते पाहावे.

विंडोज १० चे नियमित अद्ययावतीकरण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आहे, हेही लक्षात असू द्या. विस्तारित सुरक्षा अद्यतनांसाठी नोंदणी करता येते. ती केली नसेल, तर संशोधनाची पत्रे या संगणकावर ठेवण्याआधी करावी.

ग्रंथपाल

पदवीनंतरच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. पूर्वी शैक्षणिक संस्थांना गूगलकडे अमर्याद जागा मिळत असे. २०२२ पासून संपूर्ण संस्थेला मिळून मूळ १०० टीबी ही मर्यादा आली. त्यामुळे जुनी खाती बंद करण्याकडे संस्थांचा कल असणे स्वाभाविक आहे. आपल्या विद्यापीठाचा नियम काय आहे, हे आत्ताच लेखी विचारून ठेवा.

थंडरबर्डमध्ये पत्रे दिसतात, म्हणजे ती आपल्याकडे सुरक्षित आहेत, असा समज करून घेऊ नका. तिथे दिसते ते सर्व्हरचे प्रतिबिंब आहे, आणि आपण तर ३० दिवसांचीच पत्रे ठेवणार आहात. दर महिन्याला महत्त्वाची पत्रे निवडून 'लोकल फोल्डर्स'मध्ये, म्हणजे फक्त आपल्या संगणकावर राहणाऱ्या फोल्डरांमध्ये, त्यांची प्रत करा. 'मूव्ह' नव्हे, 'कॉपी' निवडा. हलवलेले पत्र सर्व्हरवरून जाते. त्या फोल्डरसह थंडरबर्डचे प्रोफाइल (त्याची सगळी माहिती साठवलेला फोल्डर) वर्षातून दोनदा पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. गूगलची टेकआउट सोय विद्यापीठाने बंद केलेली नसेल, तर सगळी पत्रे एकदम उतरवता येतात, पण ते घरच्या हॉटस्पॉटवर न करता विद्यापीठात गेलात, की तिथल्या इंटरनेटवर करावे.

सगळी पत्रे आपोआप स्वतःच्या जीमेलकडे वळवण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी देईल. तो मानू नये असे मी सांगेन. वळवलेली पत्रे मूळ पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून आलेली नसल्यामुळे कधी कधी स्पॅममध्ये जातात, आपले उत्तर वेगळ्याच पत्त्यावरून जाते आणि ज्या गर्दीतून आपण बाहेर पडू पाहता, ती पुन्हा तयार होते.

प्रबंध शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जाईल आणि तिथे राहील. ओव्या सांगणाऱ्यांच्या परवानग्या, हस्तलिखिताची छायाप्रत देणाऱ्या संस्थेचे पत्र, मार्गदर्शकांचे शेरे हे तिथे जात नाही. उद्या त्या प्रबंधाचे पुस्तक करायचे ठरले, तर प्रकाशक त्या परवानग्या मागेल. ऑर्किडचे (संशोधकांना कायमचा ओळख क्रमांक देणाऱ्या सेवेचे) खाते विद्यापीठाच्या पत्त्यावर काढले असेल, तर त्यात आपला वैयक्तिक पत्ताही आजच जोडा, म्हणजे विद्यापीठाचे खाते बंद झाले तरी ते उघडता येईल.

शोधवाट

तारीख खरोखरच जानेवारी २०१६ झाली होती. ती दुरुस्त केल्यावर खिडकी उघडली, विद्यापीठाचे पान आले आणि कोड पहिल्याच वेळी चालला. 'ऑल मेल'ची खूण काढून ३० दिवसांची मर्यादा घातली. पहिल्या दिवशी डेटा संपला नाही. सेलसाठी मुलगा उद्या बाजारात जाणार आहे आणि विस्तारित अद्यतनांची नोंदणीही तोच करून देतो म्हणाला.

परवानग्यांची पत्रे शोधायला बसले, तेव्हा लक्षात आले, की अकरापैकी चार परवानग्या माझ्या जुन्या वैयक्तिक जीमेलवर आल्या आहेत. त्या विद्यापीठाच्या खात्याकडे न पाठवता थेट लोकल फोल्डरमध्ये ठेवता येतील का?

संगणककक्ष

येतील. आपले वैयक्तिक जीमेल खातेही थंडरबर्डमध्ये तात्पुरते याच रीतीने जोडा, ती चार पत्रे निवडून लोकल फोल्डर्समधल्या 'परवानग्या' अशा एखाद्या फोल्डरमध्ये कॉपी करा आणि मग ते खाते थंडरबर्डमधून काढून टाका. काढताना स्थानिक माहिती पुसण्याविषयी विचारले जाईल. ती त्या जीमेल खात्यापुरतीच असते, लोकल फोल्डर्सला धक्का लागत नाही. तरीही काढण्याआधी चारही पत्रे तिथे जोडपत्रांसह उघडतात ना, हे एकदा इंटरनेट बंद करून पाहून घ्या.