मदत हवी आहे : नाणे प्रदर्शनातल्या स्पर्धेसाठी मांडणी

पहिल्यांदाच शैक्षणिक गटात उतरतोय. विषय : एकाच डायला (नाणं पाडायच्या धातूच्या ठशाला) पडलेली चीर नाण्यागणिक कशी वाढत गेली. आठ नाणी आहेत, पण मधला एक टप्पा मिळतच नाही. चीर डायवर खोल असते, त्यामुळे नाण्यावर ती उंचवट्यासारखी उमटते. हे नुसत्या डोळ्यांना दिसावं म्हणून मोठे फोटो लावून पाहिले, तर मजकुराला जागाच उरेना. मजकूर निम्मा केला, तरी दाटीच. पेटी एकच, सपाट, काचेची. नाणी चिकटवणार नाही, पीव्हीसीची पाकिटंही नकोत.

परीक्षक माहिती, मांडणी आणि संपूर्णता तिन्ही पाहतात. मग हुकलेला टप्पा फोटोने भरून तसं स्पष्ट लिहावं, की विषयच सात-आठ नाण्यांपुरता आखून घ्यावा? गुण कशात कमी जातात?