‘माणूसघाणा’ आणि ‘मनुष्यद्वेष्टा’ एकच का?

परवा कल्याण लोकलमध्ये समोरच्याच्या पेपरात डोकावून वाचलेलं वाक्य: ‘संशयित आरोपी माणूसघाण्या स्वभावाचा असून त्याच्या खोलीतून भयकथांची पुस्तकं हस्तगत करण्यात आली.’ दादर येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं. खून कसा झाला, कुणी पाहिला, याबद्दल चकार शब्द नाही, पण स्वभाव आणि पुस्तकं ठळक. म्हणून विचारते. इंग्रजीतला ‘मिसॅन्थ्रोप’ म्हणजे आपला माणूसघाणा का? की मनुष्यद्वेष्टा? आणि ‘डार्क फिक्शन’ला मराठीत काय म्हणता?

* * *

एकच नाहीत. आधी ‘माणूसघाण’ हे नाम बघा. आजीच्या गोष्टीतला राक्षस दारातून आत आला की नाक वर करून म्हणायचा, ‘माणूसघाण येते, माणूसघाण येते!’ घाण म्हणजे इथे नुसता वास. आणि राक्षसाला तो आवडायचा बरं का, कारण जेवण घरात चालून आलेलं असायचं. माणूसघाण्याला तोच वास सोसत नाही, म्हणून तो लांब जातो. जवळ येतो तो राक्षस.

मी गिरगावातल्या चाळीत वाढलो. तिथे दारं दिवसभर सताड उघडी. जो दार लोटून बसेल तो माणूसघाणा, एवढी सोपी व्याख्या. आमच्या मजल्यावर एक जण गणपतीची वर्गणी सगळ्यात आधी द्यायचे, पण आरतीला कधी आले नाहीत. त्यांना सगळी चाळ माणूसघाणा म्हणायची. द्वेष कुठे होता त्यात? पाणी भरायच्या रांगेत ते दुसऱ्यांच्या बादल्या सरकवून द्यायचे. (बाईच्या बाबतीत हा शब्द मी फारसा ऐकला नाही. तिला लगेच ‘शिष्ट’ म्हणून मोकळे होतात.)

या जातीचे शब्द आपल्याकडे किती आहेत बघा. भिडस्त माणसाला यायचं असतं, पण संकोच होतो. मुखदुर्बळ येतो, पण बोलता येत नाही. घुमा बोलत नाही आणि का ते कळू देत नाही. एकलकोंड्याला एकटंच बरं वाटतं. तुसडा तोडून बोलतो. माणूसघाणा टाळतो. या सगळ्यांत कुणाचं वाईट व्हावं ही इच्छा कुठेच नाही. तुसड्यातसुद्धा नाही.

‘मनुष्यद्वेष्टा’ वेगळ्या घरातला. द्विष् धातूपासून द्वेष्टा, जसा कृ पासून कर्ता, दा पासून दाता. तो काहीतरी करणारा आहे. ग्रीक ‘मिसॉस’ म्हणजे द्वेष आणि ‘अँथ्रोपॉस’ म्हणजे माणूस, त्याचं हे अक्षरशः मराठीकरण. कोशासाठी ठीक आहे. पण ‘अगं, तो समोरचा मनुष्यद्वेष्टा आहे’ असं बोलताना मी कुणाला ऐकलेलं नाही.

* * *

मी फोर्टच्या सेशन्स कोर्टात शिरस्तेदार होतो. माझा आक्षेप ‘संशयित आरोपी’ला. संशय आहे तोवर संशयित. आरोप ठेवला की आरोपी. शाबीत झाला की दोषी. ‘संशयित आरोपी’ म्हणजे ‘होऊ घातलेला झालेला नवरा’.

स्वभावाचंही सांगतो. १८७२च्या पुराव्याच्या कायद्यात कलम ५४ होतं. आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आहे, १ जुलै २०२४ पासून लागू, त्यात ते कलम ४९ झालं. आशय तोच: फौजदारी खटल्यात आरोपीचं वाईट चारित्र्य पुरावा म्हणून चालत नाही, जोवर तो स्वतः आपल्या चांगल्या चारित्र्याचा पुरावा आणत नाही. (वाईट चारित्र्य हाच वादाचा मुद्दा असेल तर गोष्ट निराळी.) बचावाने ‘साहेब, हा फार सालस’ असा पुरावा उभा केला, तर समोरच्याला उलट पुरावा आणायला दार उघडतं.

हेतू मात्र चालतो. हेतू एका माणसाशी बांधलेला असतो आणि स्वभाव सगळ्या जगाशी. माणसांचा वीट आलाय, यावरून याच माणसाला का मारलं ते कळत नाही.

* * *

पण लेखनातून खुनी सापडल्याचं उदाहरण आहे ना? पोलंडमधला क्रिस्टियन बाला. २००३ साली त्याची कादंबरी आली, भयंकर हिंसक. २००० साली ओडर नदीत सापडलेल्या एका प्रेताच्या प्रकरणाशी पोलिसांनी ती ताडून पाहिली. २००७ साली त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली.

* * *

झाली खरी, पण कशावरून? मेलेल्या माणसाचा मोबाइल बालाने तो बेपत्ता झाल्यावर काही दिवसांतच इंटरनेटवर विकला होता. शिवाय फोनकार्डाचा माग होता. आणि हेतू काय सांगितला गेला? वेगळ्या राहणाऱ्या बायकोवरून मत्सर. जगाचा तिटकारा नव्हे. एका माणसाचा मत्सर.

आपल्या मुंबईतला रमण राघव घ्या. १९६८ मध्ये पकडला गेला. रात्री फुटपाथवर, झोपड्यांत झोपलेल्या माणसांना मारायचा. आधी फाशीची शिक्षा, मग डॉक्टरांनी छिन्नमनस्कता असल्याचं सांगितल्यावर १९८७ साली हायकोर्टाने ती जन्मठेप केली. १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात वारला. आमच्या घरात त्याला ‘माथेफिरू’ म्हणत. हा शब्द बघण्यासारखा आहे. ‘माथं फिरलं’ म्हटलं की ते पुन्हा ठिकाणावर येऊ शकतं. पण ‘उडाऊ’, ‘पैसेखाऊ’सारखा शेवटी ‘ऊ’ लागला की तो माणसाचा कायमचा स्वभाव झाला. डॉक्टर आजार म्हणत होते आणि आम्ही स्वभाव.

* * *

‘डार्क’बद्दल. ‘काळी कथा’ म्हटलं तर काळा बाजार, काळा पैसा यांच्या ओळीत बसते, जणू लिहिणं हाच गुन्हा. वाईट कामाला ‘कृष्णकृत्य’ म्हणतो, त्यावरून कुणी ‘कृष्णकथा’ सुचवेल, पण मग आमची आई टाळ घेऊन पुढे बसेल! माझं मत ‘काळोखी कथा’ला. भयकथा आणि गूढकथा हे तिचे शेजारी आहेत, पण काळोखी कथेत भूत लागत नाही, माणूस पुरतो.

आणि अशा कथा लिहिणारे माणसांचा द्वेष करतात म्हणावं, तर जी. ए. कुलकर्णी आठवा. कथा काळोखाने भरलेल्या, भेटायला आलेल्यांना टाळायचे, लोक माणूसघाणाच म्हणायचे. त्यांच्या निवडक पत्रांचेच चार खंड निघाले. माणसं नकोत, पण माणसांना लिहायचं. यासाठी शब्द आहे का कुणाकडे?

* * *

वाचत होतो, गप्प राहणार होतो. मी बरीच वर्षं रात्रपाळीला उपसंपादक होतो. असंच एक प्रकरण होतं. बातमीदाराने लिहिलं होतं, ‘शेजाऱ्यांच्या मते तरुण अबोल होता.’ मला ते मिळमिळीत वाटलं, मी ‘माणूसघाणा’ केलं. सकाळी तोच शब्द मथळ्यात गेलेला. काही महिन्यांनी तो सुटला. त्याचा संबंधच नव्हता. ती बातमीही माझ्याच हाताखालून गेली, आतल्या पानावर, तीन ओळी. तिथे त्याला एकही विशेषण नव्हतं.

* * *

धन्यवाद सगळ्यांना. जाता जाता एक: ‘एकलकोंडा’तला ‘कोंडा’ कुठला? कोंडून घेण्यातला, की धान्य पाखडल्यावर बाजूला उरतो तो?