‘हॅलोफिलिक’ला मराठीत काय म्हणावं: क्षारप्रेमी की लवणप्रेमी?

रंकाळाकाठ: भाचीचं एमएस्सीचं काम शिरोळकडच्या क्षारपड मातीतल्या जीवाणूंवर आहे. मिठात वाढणारे, आणि त्यांच्यापासून मिळणारी प्रोटीएज (प्रथिनं तोडणारं), अमायलेज (स्टार्च तोडणारं) वगैरे एन्झाइम्स. शेतकऱ्यांसाठी मराठी पत्रक काढायचंय. मी ‘क्षारप्रेमी जीवाणू’ लिहून दिलं, गाइडनी खोडून ‘लवणप्रेमी’ केलं. जमीन क्षारपड आणि जीवाणू लवणप्रेमी? कसं जुळायचं?

हिरडाबाभूळ: गाइडचं बरोबर आहे. क्षार म्हणजे अल्कली. आयुर्वेदातला जवाच्या राखेचा यवक्षार, क्षार लावलेला दोरा म्हणजे क्षारसूत्र आठवा. लोणार सरोवराच्या पाण्याचा पीएच 10च्या आसपास, म्हणजे चांगलंच अल्कली. तिथल्या काहींना मीठही लागतं आणि अल्कलीही. त्यांना काय ‘क्षारक्षारप्रेमी’ म्हणणार?

खडूफळा: हे आयुर्वेदातलं आणि हिंदीतलं झालं. आमच्या शाळेच्या पुस्तकात आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार आणि पाणी. म्हणजे क्षार हे सॉल्टच. लवण आता लवणभास्कर चूर्णाच्या डबीवर तेवढं उरलंय. आणि एन्झाइमला ‘विकर’ लिहा की, इंग्रजीची हौस कशाला?

रंकाळाकाठ: विकर वाचून शेतकरी विकार समजतील हो.

उसाचं रान: क्षार-लवण चालू द्या तुमचं. आमच्याकडं दोन रानं वेगळी. वर पांढरं मीठ फुटलं की क्षारपड. चोपण निराळं, वाळलं की भेगाळून दगड, भिजलं की साबणागत बुळबुळीत, पाणी मुरतच नाही. तिथं पीएच साडेआठच्या वर, सोडियम मातीच्या कणाला धरून बसलेला. जिप्सम टाकल्याशिवाय सोडत नाही. क्षारपडाला निचरा करून गोडं पाणी दिलं तरी भागतं. पोरीनं माती कुठल्या रानातली उचलली ते आधी विचारा, नाव मग ठेवा. चोपण्यानं बडवल्यासारखी घट्ट, म्हणून चोपण.

जुनीवही: व्युत्पत्ती गोड आहे, पण मला चोपण हे ‘चोपड’चं, म्हणजे गुळगुळीतचं, भावंड वाटतं. बाकी मीठ हा शब्दच ‘मिष्ट’वरून आलाय आणि लावण्य लवणावरून. तेव्हा लवणाला नावं ठेवू नका.

पेट्रीडिश: मूळ ‘प्रेमी’वरच माझा आक्षेप. कडक मिठात पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. काही जीवाणू एक्टोइनसारखे पाणी धरून ठेवणारे रेणू साठवून निभावतात, काही सरळ पोटॅशियम क्लोराइड आत भरून घेतात. या दुसऱ्यांच्या प्रथिनांवर आम्लधर्मी अमिनो आम्लांची गर्दी असते. मीठ काढलं की प्रथिनाची घडी मोडते, एन्झाइम बाद. हे प्रेम नाही, गरज आहे. मीठ असो-नसो, दोन्हींत जगतात ते ‘मीठसोशिक’. पावसाळ्यात धुऊन निघणाऱ्या रानात असलेच जास्त सापडायचे.

खडूफळा: मग ‘खाल्ल्या मिठाला जागणारे’ म्हणा!

हिरडाबाभूळ: थट्टा नको. कातडी टिकावी म्हणून मीठ लावून ठेवतात, त्यावर लाल डाग पडतात ते या मिठाची गरज असलेल्या मंडळींचंच काम. आणि जीवाणूंच्या प्रोटीएजनं कातड्यावरचे केस उतरवले तर चुना-सल्फाइड कमी लागतं. कोल्हापुरी चपलेच्या गावात एन्झाइमचा उपयोग यापेक्षा सोपा कसा सांगणार? तेवढं पत्रकात घाला. त्या लाल डागाला कारागीर काय म्हणतात, कुणाला ठाऊक आहे का?

जुनीवही: ते नाही ठाऊक. पण चोपड आणि चोपण एकच, यावर मी ठाम आहे.

उसाचं रान: मे महिन्यात या, आमच्या चोपणातनं अनवाणी चाला, मग सांगा किती चोपडं लागलं ते.