अफिलिएटचं कमिशन पेआउटला कमी आलं, आता 'अकाउंट व्हेरिफाय करा' असा मेल आलाय

प्रश्न:
मी प्रॉडक्ट रिव्ह्यूचे व्हिडिओ टाकते, डिस्क्रिप्शनमध्ये अफिलिएट लिंक असतात, त्यावरून कोणी खरेदी केली की मला कमिशन मिळतं. गेल्या महिन्यात डॅशबोर्डवर दिसत होतं त्यापेक्षा पेआउट बरंच कमी आलं, आणि काल मेल आला की पेमेंट अकाउंट पुन्हा व्हेरिफाय करा नाहीतर पैसे अडकतील. लिंक अजून उघडली नाहीये. दोन्हीचा काही संबंध असेल का? खरंच घाबरलेय.

प्रतिसाद १:
लिंक उघडूच नका. पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करा, आत तशी नोटीस नसेल तर मेल खोटा समजा. पेआउटचं खातं कोणी बदललंय का तेही लगेच बघा, आणि टू-फॅक्टर (पासवर्डनंतर लागणारा दुसरा कोड) एसएमएसवर असेल तर ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर (फोनमध्येच कोड तयार करणारं अ‍ॅप) घ्या, कारण सिम स्वॅप झालं, म्हणजे चोराने तुमचा नंबर स्वतःच्या सिमवर घेतला, की ओटीपी थेट चोराकडे जातो.

प्रतिसाद २:
कमिशनचं वेगळं आहे हो. डॅशबोर्डवर पेंडिंग दिसलं म्हणजे पैसे मिळाले असं नाही, गिऱ्हाइकाने माल परत केला किंवा बँकेकडून चार्जबॅक (कार्डाने दिलेले पैसे परत) घेतला की कमिशनही उलटतं, आणि चार्जबॅकची मुदत बऱ्याच प्रकारांत १२० दिवसांपर्यंत असते म्हणूनच अफिलिएट नेटवर्क (विक्रेता आणि तुमच्यामधली कंपनी) पैसे होल्डवर ठेवतात. पण कापलेल्या प्रत्येक ऑर्डरचं कारण मागायचंच! प्रत्येक व्हिडिओला वेगळा सब-आयडी (लिंकला जोडायची ओळखखूण) लावा, म्हणजे कुठल्या व्हिडिओची विक्री रद्द झाली ते रिपोर्टमध्ये कळतं.

प्रतिसाद ३:
मला जास्त भीती खोट्या स्पॉन्सरशिपची वाटते. 'आमचं सॉफ्टवेअर ट्राय करा' म्हणून फाइल पाठवतात, ती चालवली की ब्राउझरमधल्या सेशन कुकीज (तुम्ही लॉगिन आहात ही नोंद) चोरीला जातात, मग पासवर्डही लागत नाही आणि टू-फॅक्टरही आडवं येत नाही. गूगलने २०२१ मध्ये यूट्यूबवाल्यांवरच्या अशाच हल्ल्यांची माहिती दिली होती. चॅनल हातातून गेलं की डिस्क्रिप्शनमधल्या लिंक बदलून कमिशन दुसऱ्याच्या खात्यात. म्हणून पेआउटचा ईमेल वेगळा ठेवा, तो व्हिडिओखाली कधीच देऊ नका. आणि कमिशन सोडवायला कोणी आधी फी मागितली तर सरळ ब्लॉक करा.

प्रश्नकर्ती:
थँक्यू सगळ्यांना. लॉगिन करून बघितलं, नोटीस नाही, खातंही माझंच आहे. कापलेल्यातल्या बहुतेक ऑर्डर रिटर्न दिसतायत, दोनला कारणच नाही, त्यांचे ऑर्डर आयडी सपोर्टला पाठवलेत.