पावसात क्रोशाचे कानातले मऊ पडतात, काय करू?

म्हापशाची_सुई:
नमस्कार मंडळी, गेल्या महिन्यात हौसेने ४० नंबरच्या पांढऱ्या दोऱ्याचे कानातले विणले, सुई १ मिमीची स्टीलची, मधे मॅजिक रिंग (ओढून आवळायचा दोऱ्याचा फास), भोवती १२ खांब (उंच टाके) आणि कडेला पिको (टोकाचे छोटे फासे). विणून झाल्यावर अर्धा तास मी आरशासमोरच. आजी रुमालांना करायची तसं साखरेच्या पाकात बुडवून वाळवले, काचेसारखे कडक झाले एकदम. मग पाऊस लागला. आठ दिवसांनी डबी उघडते तर सगळं चिकट, एक कानातलं पार दुमडलेलं आणि पिकोवरून मुंग्यांची रांग 😭 चवथीला मावसबहिणीला द्यायचेत, म्हणजे परत विणणं आलंच. ताठ कशाने करू? पेज चालेल?

फोंड्याची_लेस:
अगो साखर हवेतलं पाणी ओढून घेते, आपल्याकडे पावसात भिंतीसुद्धा घामेजतात तिथे साखर काय टिकणार. पेजेला बुरशी धरते, तीही नको. मी फेविकॉल आणि पाणी निम्मं निम्मं करून मऊ ब्रशने मागच्या बाजूने लावते, बुडवत नाही, बुडवलं की भोकांत पापुद्रा धरतो. थर्माकोलवर प्लास्टिक ताणायचं आणि प्रत्येक पिकोत एक टाचणी, पण न गंजणारी हां! साध्या टाचणीचा तांबूस ठिपका पांढऱ्या दोऱ्यावरून जात नाही, माझा एक अख्खा सेट त्यात गेलाय. पंख्याखाली दोन दिवस, मग अ‍ॅक्रिलिक वार्निशचा पातळ हात, नाहीतर हा गोंदही भिजला की पांढरट होऊन मऊ पडतो.

मडगांवकरीण:
गोंदाचं नंतर बघ, आधी सुई बदल. ४० च्या दोऱ्याला १ मिमी चुकीची नाही, रुमालाच्या कडेला छान पडेल, पण रुमालाची लेस पडायलाच हवी आणि कानातलं उभं राहायला हवं. ०.७५ घे, खांब कमी करून मुके खांब (बुटके, घट्ट टाके) वाढव. आणि आयरिश क्रोशात करतात ते कर, दोऱ्याचे चार-सहा पदर एकत्र धरायचे आणि त्यांच्यावरून मुके खांब घालत जायचं, कड दोरखंडासारखी भरीव होते. आयर्लंडात १८४५ नंतर बटाट्याचं पीक बुडून दुष्काळ पडला तेव्हा बायकांनी ही लेस विकून घरं चालवली, तिथली फुलं-पानं अशी उठून दिसतात ती या आतल्या दोऱ्यामुळे. माझ्या शेजारणीच्या आईला कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी क्रोशा शिकवला, ती म्हातारी विणून झालं की चिमटीत धरून दाबून बघायची, मऊ लागलं तर सरळ उसवायला लावायची.

म्हापशाची_सुई:
पदरांऐवजी तार घातली तर?

मडगांवकरीण:
बारीक तार चालते, पण पर्समध्ये एकदा वाकली की ती घडी राहते. आणि टोक नीट दुमडून आत घाल, नाहीतर मानेला टोचत बसेल.

चाफेकळी:
मी जरा उलटं बोलते, मला कडक कानातले आवडतच नाहीत, पुठ्ठा लटकवल्यासारखे वाटतात. दोऱ्याला वजन नसतं म्हणून वाऱ्यावर उलटे होतात, त्याला खाली एखादा काचेचा मणी पुरे, आपोआप सरळ लोंबतात. मणी मात्र विणायच्या आधीच दोऱ्यात ओवून ठेवायचे, मी सगळं विणून झाल्यावर मणी घेऊन बसले होते 🤦 आणि अडकवायची कडी एकच घातलीस तर फूल कधी कधी गालाकडे तोंड करतं, मग आणखी एक कडी घाल म्हणजे समोर वळेल. हुक स्टेनलेस स्टीलचे किंवा चांदीचे घे, स्वस्तातल्या हुकांत निकेल असलं तर काहींच्या कानाला खाज येते, बहिणीला आधी विचार.

म्हापशाची_सुई:
काल रात्री ०.७५ ने बसले. एका फुलाला दोन तास, दोनदा उसवलं, आईचा चष्मा घ्यावा लागला. पण आत पदर घालून केलेली कड गोंदाशिवाय उभी आहे! दाबूनही बघितली 😄 बाहेर धो धो पाऊस आणि ती सकाळी तशीच्या तशी. गोंद फक्त पिकोंना लावीन म्हणते, खाली मणी. दुसरं फूल आता दिवसाउजेडी. जुने कानातले डबीसकट मागच्या दारी ठेवलेत, मुंग्यांची तरी चवथ होऊ दे.