काळ्या दगडाच्या खाणीत दगड उडतो, वाडीत कौलं वाजतात: इलेक्ट्रॉनिक डेटोनेटरने फरक पडेल का?

सडेकर_लांजा

मंडळी, लांजा तालुक्यात काळ्या दगडाची खाण आहे, क्रशर लागूनच. वर दीड-दोन मीटर जांभा, खाली बेसॉल्ट, आणि मधेच कुठे कुठे तांबड्या मातीसारखा पट्टा लागतो. बेंच (खाणीची पायरी) 6 मीटरची, होल 83 मिमीचे, खोली 6.7 मीटर. बर्डन (होलपासून फेसपर्यंत, म्हणजे दगडाच्या उघड्या कड्यापर्यंतचं अंतर) 2.5 मीटर, स्पेसिंग (ओळीतल्या दोन होलमधलं अंतर) 3 मीटर, सात-सात होलच्या तीन ओळी. इमल्शनच्या (पाण्यात टिकणाऱ्या स्फोटकाच्या) कांड्या, होलला साधारण 22 किलो. वर दीड मीटर स्टेमिंग (होलचं तोंड बंद करणारा भराव), होलमधून निघालेल्या भुकटीचंच. सिग्नल ट्यूब (विजेशिवाय डेटोनेटर उडवणारी नळी) वापरतो: डिले, म्हणजे उडायला लावलेला उशीर, होलमध्ये सगळीकडे 250 मिलिसेकंद, वर होल-ते-होल 17 आणि ओळ-ते-ओळ 42.

वाडी पूर्वेला 350 मीटरवर आहे. घरं चिऱ्याची, कौलारू. मुठीएवढा दगड फेसच्या पुढे 200 मीटरपर्यंत जातो, कधीकधी मागेही येतो. वाडीत कौलं-तावदानं वाजतात, भिंतींना तडे गेले असंही म्हणतात. इलेक्ट्रॉनिक डेटोनेटर (चिपवर वेळ मोजून उडणारे) घेतले की दोन्ही कटकटी मिटतील, असं विक्रेता सांगतो. खर्चात पडण्याआधी काय काय तपासावं?

होललॉग

दगड उडण्याचं म्हणाल तर विक्रेता अर्धंच सांगतोय. डेटोनेटर कितीही अचूक असला तरी पातळ बर्डन जाड होत नाही.

आधी दगड कुठून उडतो ते पक्कं करा. पुढे गेलेला बहुतेक फेसमधून फुटलेला असतो. मागे किंवा बाजूला आलेला होलच्या तोंडातून. मोबाइल स्लो-मोशनवर (240 फ्रेम) लावून फेसच्या बाजूला सुरक्षित अंतरावर ठेवा आणि माणूस तिथून काढा. एक फ्रेम म्हणजे सुमारे 4 मिलिसेकंद. फेस हलायच्या आधीच तोंडातून भुकटीची पिचकारी सरळ वर गेलेली दिसली, तर स्टेमिंग धरत नाही.

तुमच्या आकड्यांवरून ते धरत नसणारच. 2.5 मीटर बर्डनला दीड मीटर स्टेमिंग म्हणजे वरच्या बाजूला दारूला बर्डनपेक्षा जवळची वाट मिळते, आणि भुकटी दाबाखाली घसरते. कोनदार खडी एकमेकींत अडकून घट्ट बसते. क्रशरवरचीच 8 ते 10 मिमीची चाळलेली कच घ्या, डस्ट नको. स्टेमिंग किमान 2.5 मीटर करा. दारू आपोआप 18 किलोवर येईल. वर थोडे डबर (न फुटलेले मोठे दगड) जास्त निघतील, ते ब्रेकरने फोडा. डबरावर कांडी ठेवून वर चिखल थापून उडवायचं मात्र पूर्ण बंद. दगड आणि दणका, दोन्हींत तो सगळ्यात वाईट प्रकार.

आता तो तांबडा पट्टा. दोन लाव्हा थरांमधला हा बोल. काळ्या दगडात कोंडलेला वायू या मऊ पट्ट्यातून फेसबाहेर निसटतो आणि दगड घेऊन जातो. उपाय ड्रिलरच्या हातात आहे. प्रत्येक होलला एक कागद: कितव्या मीटरला भुकटी करड्याची तांबडी झाली, कुठे रॉड एकदम आत गेला, कुठे हवा परत येईना. पट्टा लागला तिथे दारू भरायची नाही, पट्टा आणि त्याच्या वर-खाली अर्धा मीटर कच भरायची. खालच्या आणि वरच्या भागाला वेगवेगळा प्रायमर (दारू पेटवणारी, डेटोनेटर लावलेली कांडी). भरताना टेप सोडत राहा. तुमच्या होलमध्ये दर 4 किलोला सुमारे एक मीटर चढायला हवं. 8 किलो गेले आणि दीड मीटरही चढलं नाही, तर आत पोकळी आहे. तिथेच थांबा.

पुढच्या ओळीचं बर्डन वरून टेप लावून कळत नाही, कारण फेस कुठे आत गेलेला असतो, कुठे पोट काढून असतो. लेझर प्रोफाइल नसेल तर लांब बांबू आणि ओळंबा घ्या, दर मीटरला माप घ्या. काठावर जाणाऱ्याला सेफ्टी बेल्ट हवाच. कुठेही 1.8 मीटरच्या आत माप आलं, तर होलच्या तेवढ्या उंचीत दारूऐवजी कच.

गाळा_आणि_जिओफोन

वरचं सगळं मान्य. मात्र इलेक्ट्रॉनिकला इतकं हलक्यात काढू नका, या खाणीत टायमिंगचाच घोळ आहे. कुठला होल कितव्या मिलिसेकंदाला उडतो ते कागदावर मांडून बघा.

पहिली ओळ: 0, 17, 34, 51, 68, 85, 102.
दुसरी: 42, 59, 76, 93…
तिसरी: 84, 101, 118…

पहिल्या ओळीचा सहावा होल 85 ला, तिसरीचा पहिला 84 ला. 102 आणि 101 चंही तेच. दुसऱ्या ओळीचे 76 आणि 93 त्यांच्यापासून 8-9 मिलिसेकंदांवर. 8 मिलिसेकंदांच्या आत फुटलेली दारू एकत्रच धरायची असा प्रघात आहे, आणि 250 चा पायरोटेक्निक (जळत्या मसाल्यावर चालणारा) डिले पाच-सात मिलिसेकंद सहज इकडेतिकडे होतो. म्हणजे तुम्ही एका वेळी 22 किलो समजताय, जमीन 44 किंवा 66 सोसतेय.

स्केल्ड डिस्टन्स म्हणजे अंतर भागिले किलोंचं वर्गमूळ. 350 मीटरला 22 किलोसाठी 74.6 येतं, 66 साठी 43. सर्वसाधारण सूत्राने (1140 × स्केल्ड डिस्टन्स, घात उणे 1.6) 66 किलोला जमिनीच्या कंपनाचा वेग सुमारे 2.8 मिमी प्रति सेकंद, आणि 18 किलो एकेकटे फुटले तर 1 च्या आसपास. सूत्र सरासरीचं आहे. स्वतःच्या जागेचे वीस-तीस रेकॉर्ड जमवून स्वतःचे आकडे काढा.

इलेक्ट्रॉनिक घेतले तर होल-ते-होल 25, ओळ-ते-ओळ 85 द्या. सात होल, तीन ओळी यांत कुठलेही दोन होल 10 मिलिसेकंदांच्या आत येत नाहीत. आठवा होल वाढवलात तर 175 आणि 170 जवळ येतात, तेव्हा पुन्हा मांडा. हा आकडा सगळीकडे डोळे मिटून वापरायचा नाही.

डीजीएमएसच्या (खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या) 1997 च्या परिपत्रकात दुसऱ्याच्या मालकीच्या घरांसाठी मर्यादा अशा: कंपनाची वारंवारिता 8 हर्ट्झखाली असेल तर 5 मिमी प्रति सेकंद, 8 ते 25 ला 10, त्यावर 15. म्हणजे तुम्ही बहुधा मर्यादेत आहात. पण माणसाला 1 मिमीसुद्धा स्पष्ट जाणवतो, त्यामुळे मर्यादेचा कागद दाखवून वाडी शांत होणार नाही. घरांचा आधीच सर्व्हे करा. तड्यांचे तारखेसह फोटो, तड्यावर काचेची पट्टी, आणि जिओफोन (जमिनीची कंपनं मोजणारं यंत्र) घराच्या खाणीकडच्या बाजूला, पायापासून 3 मीटरच्या आत जमिनीत पुरून. अंगणातल्या सुट्या चिऱ्यावर ठेवलेलं रीडिंग कामाचं नाही.

कौलं वाजतात ती मात्र बहुतेक हवेच्या दणक्याने. मोठं स्टेमिंग आलं की ते आधी कमी होईल. शिवाय वेळ पाळा: थंडीत सकाळी दरीत धुकं बसलेलं असताना फोडलं, तर आवाज वर न जाता खाली वळतो. दुपारी उशिरा खारा वारा जोरात असतो, वाडी पूर्वेला म्हणजे नेमकी वाऱ्याखाली. धुकं विरल्यावर आणि वारा जोर धरायच्या आत उरका.

सडेकर_लांजा

84-85 चं कधी लक्षातच आलं नव्हतं. दोन गोष्टी अजून: वाडी 500 मीटरच्या आत आहे, त्याचं काय? आणि एखादा होल उडाला नाही तर?

मेट_कणकवली

500 मीटरचा डेंजर झोन (ब्लास्टच्या वेळी धोक्याचा धरायचा भाग) वाडीसाठी आक्रसत नाही. परवानगीच्या अटी वाचा आणि त्यात नियंत्रित ब्लास्टिंग व मफलिंग (होल झाकणं) असेल तर ते खरंच करा. जुन्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे होलच्या तोंडावर, तारेच्या जाळीने एकत्र बांधून, वर वाळूच्या गोण्या. गोणीत जांभ्याची माती भरू नका, त्यातले खडेच उडतात. बेल्ट ओढताना ट्यूब कापली जाते, म्हणून उचलून ठेवायचा, जोडण्या नंतर पुन्हा बघायच्या. प्रत्येक पायवाटेवर लाल झेंड्याचा माणूस. आंब्या-काजूच्या बागेतून येणारी वाट हमखास राहून जाते.

न उडालेला होल: किमान 30 मिनिटं कोणी पुढे जायचं नाही. मग फक्त ब्लास्टर जाईल. स्टेमिंग उकरायचं नाही, ट्यूब ओढायची नाही, पोकलेन लावायचं नाही. ट्यूब शाबूत असेल तर नवीन जोडणी करून पुन्हा फायर, नसेल तर मॅनेजरच्या देखरेखीखाली नियमाप्रमाणे समांतर होल. जुन्या होलच्या उरलेल्या बुडख्यात परत ड्रिल कधीच नाही, रिकामा दिसला तरी.

मे महिन्यात आणि परतीच्या पावसात ढग गडगडायला लागले की भरणं सोडून सगळ्यांना बाहेर काढा. सिग्नल ट्यूब असली तरी वीज पडली तर ती उडते. पाणी असलेल्या होलमध्ये ॲन्फो (पाण्यात खराब होणारं अमोनियम नायट्रेटचं स्फोटक) नको, इमल्शनच. आणि कोणी स्वस्तात जुने इलेक्ट्रिक डेटोनेटर देऊ केले तर हात लावू नका, 1 एप्रिल 2025 पासून ते बाळगण्यावरच बंदी आहे.

होललॉग

क्रम सांगायचा तर पुढच्या ब्लास्टला फक्त स्टेमिंग आणि ड्रिलरचा कागद. बाकी काही बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. त्यानंतर टायमिंग. फेसचा फोटो आणि दोन-चार होलचे लॉग इथे टाका, बोलचा पट्टा कुठल्या दिशेला उतरतोय ते बघू.