दोघंही पॉझिटिव्ह असताना एचआयव्ही पुन्हा होऊ शकतो का?

मंडळी, नमस्कार.
नाव न देता लिहितेय, संयोजकांनी हा मेल पुढे पाठवलाय. माझ्या जवळच्या नात्यातलं एक जोडपं आहे, दोघंही एचआयव्ही पॉझिटिव्ह. त्यांचं म्हणणं, "एकदा झालाच आहे, आता आणखी काय होणार?" कांजिण्यांसारखंच असतं का हे? कुणी नीट सांगेल का?

----

ताई, विचारलंत ते फार बरं केलंत. मी विषाणूंच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कांजिण्यांचा नियम इथे चालत नाही. पहिला एचआयव्ही अंगात असतानाही दुसऱ्या स्ट्रेनची, म्हणजे त्याच विषाणूच्या थोड्या वेगळ्या वाणाची, लागण होऊ शकते. 2002 साली बॉस्टनच्या संशोधकांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात असाच एक रुग्ण मांडला. त्याच्या मारेकरी टी-पेशी (लागण झालेल्या पेशी मारणाऱ्या संरक्षक पेशी) विषाणूचे 25 तुकडे ओळखत होत्या, म्हणजे प्रतिकार चांगलाच जोरकस. तरी दुसरा स्ट्रेन शिरला, आणि तोही पहिल्यासारखाच 'बी' नावाच्या उपप्रकारातला! दोन्ही स्ट्रेनच्या प्रथिनांत फरक साधारण 12 टक्के.

एवढ्याशा फरकाने काय बिघडतं? टी-पेशी अख्खा विषाणू पाहत नाही. पेशीच्या पृष्ठभागावर आलेला 8 ते 10 अमिनो आम्लांचा तुकडा तेवढा पाहते. त्यातलं मोक्याचं एक बदललं, तरी ओळख पटत नाही. प्रतिपिंडांचंही (अँटिबॉडींचंही) तेच. ती तयार होईपर्यंत विषाणूने वेश बदललेला असतो, शरीर कायम मागूनच धावतं.

दोन्ही विषाणू एकाच पेशीत शिरले, तर त्यांची सरमिसळ होऊन तिसराच तयार होऊ शकतो. आणि मला सर्वात काळजी वाटते ती याची, की नव्या स्ट्रेनवर चालू गोळ्या लागूच पडत नाहीत असंही होऊ शकतं.

केनियातल्या मोम्बासा इथल्या अभ्यासात दुहेरी लागण झालेल्या स्त्रियांची प्रतिपिंडे एकच लागण असलेल्यांपेक्षा जास्त स्ट्रेन रोखताना दिसली. लस शोधणाऱ्यांसाठी हा मोठा धागा आहे. पण त्या स्त्रियांचा आजार त्याने बरा झाला नाही, हे कृपया त्या दोघांना सांगा.

----

मनापासून आभार. म्हणजे दोघांनी आयुष्यभर घाबरूनच राहायचं का? तो मध्ये तीन महिने गोळ्या घेत नव्हता, असं काल कळलं.

----

नाही हो ताई, घाबरून अजिबात नाही. गोळ्या नियमित असतील आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबलेला राहिला, तर शरीरसंबंधातून लागण जोडीदाराकडे जात नाही. शिवाय त्याच गोळ्या बाहेरून येणाऱ्या विषाणूलाही बऱ्याच अंशी अडवतात. पण ते तीन महिने मला खटकतात. त्याला या आठवड्यातच डॉक्टरांकडे पाठवा, रागावू नका. दोघांचाही व्हायरल लोड तपासून घ्या. गोळ्या सुरू असूनही तो वाढलेला निघाला, तर कोणतं औषध लागू पडत नाही याची चाचणी मागा. निकाल येईपर्यंत कंडोम वापरायला सांगा. त्यांना थेट बोलायचं असेल, तर माझा नंबर संयोजकांकडे आहे.